हिज्कीया राजाचे आजारपण आणि आपले

वाचनासाठी : यशया ३८:१-६ व २१, मार्क ५:२५-३४, बेन सिरा ३८:१-१४



यहूदाचा राजा हिज्कीया आजारी पडला तेव्हा यशया संदेष्टा त्याच्याकडे गेला. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले की हे दुखणे मरणाचे आहे, घराची व्यवस्था लावून ठेव. राजाने ना दरबार बोलावला, ना वैद्य. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले, प्रार्थना केली आणि तो हमसून हमसून रडला.

कॅन्सरचा रिपोर्ट हातात घेऊन घरी आलेल्या माणसाची पहिली रात्र याहून फार वेगळी नसते. जेवण पुढ्यात येते, घास उतरत नाही. घरातले एकमेकांकडे पाहतात, कोणी बोलत नाही. अशा माणसाला “रडू नका, विश्वास ठेवा” असे सांगायची आपल्याला घाई होते. पवित्र शास्त्राने मात्र हिज्कीयाला रडल्याबद्दल दोष दिलेला नाही. उलट परमेश्वराने त्याची प्रार्थना ऐकली आणि त्याचे अश्रू पाहिले असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा पहिले दोन दिवस रडण्यात गेले तर जाऊ द्यावेत. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या दिवसांचा.

आज आपण मूत्राशयाच्या कॅन्सरविषयी पाहू. हा आजार मुद्दाम निवडला आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरविषयी लोक आता थोडेफार बोलू लागले आहेत. लघवीच्या जागेच्या आजाराविषयी कोणी बोलत नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, घर, पाळणासुद्धा नवसाला वाहतात. पण मूत्राशयाचे मेण मागताना अजून कोणी दिसलेले नाही! नवस बोलायलाही लाज वाटावी असा हा अवयव. आणि या लाजेपायीच उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात.

या आजाराची पहिली खूण बहुधा एकच असते : लघवीतून रक्त जाणे, आणि तेही दुखल्याशिवाय. एकदा लाल लघवी होते, मग आठ-पंधरा दिवस काही नाही. आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो की उन्हाळी लागली असेल, अंगात उष्णता वाढली असेल, नाहीतर मुतखडा असेल. धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, कोकम सरबत सुरू होते. रक्त आपोआप थांबते आणि श्रेय सब्जाला मिळते. खरे तर हे रक्त थांबून थांबूनच जाते. थांबले म्हणजे आजार गेला असे नाही. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. लघवीला जळजळ, वारंवार लागणे याला “इन्फेक्शन” समजून गोळ्यांचे कोर्सवर कोर्स दिले जातात आणि निदान मागे पडते. म्हणून ज्यांना एकदा जरी लघवीतून रक्त गेले आहे, त्यांनी ते थांबले असले तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी, व डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीने तपासणी टाळू नये. सोनोग्राफीत लहान गाठ दिसेलच असे नाही. ती दुर्बिणीत दिसते.

हा आजार स्त्रियांपेक्षा पुरुषांत तीन-चार पटींनी अधिक आढळतो आणि बहुतेकांना पन्नाशी-साठीनंतर होतो. सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट. धुरातील विषारी द्रव्ये फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडे ती रक्तातून गाळतात आणि मग लघवीबरोबर ती मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. फुप्फुसात गेलेल्या धुराने लघवीची पिशवी कशी बिघडते, याचे उत्तर हे आहे. रंग, रबर, चामडे यांच्या उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्या कामगारांनाही धोका असतो. खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांत ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांनी आपण कोणत्या खात्यात आणि कशाशी काम करत होतो हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. पण ज्याला आजार झाला आहे त्याच्या उशाशी बसून “तरी सांगत होतो, विडी सोड” असे कोणी म्हणू नये. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला (योहान ९). विडी मात्र आज सोडली तरी फायदा आहे. भुलीचा धोका कमी होतो, जखम लवकर भरते आणि आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यताही घटते.

निदानानंतर पहिली पायरी बहुधा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची असते. पोटावर काप नसतो. पाठीत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण आत घालतात आणि गाठ खरवडून काढतात. नंतर एक-दोन दिवस, कधी थोडे अधिक, लघवीची नळी ठेवतात. पिशवीत लाल पाणी दिसले की नातेवाईक घाबरतात. सुरुवातीला ते अपेक्षितच असते. काढलेले तुकडे तपासणीला जातात आणि मग सुरू होते रिपोर्टची वाट पाहणे. अनेक रुग्ण सांगतात की शस्त्रक्रियेपेक्षा हे दिवसच जड गेले.

त्या रिपोर्टमध्ये पाहायचे काय? मूत्राशयाच्या भिंतीला थर असतात : आत पातळ अस्तर, त्याखाली एक मऊ थर, त्याबाहेर जाड स्नायू. आजार स्नायूपर्यंत पोहोचला आहे की नाही यावर पुढचे जवळजवळ सर्व ठरते. समाधानाची गोष्ट अशी की निदान होते तेव्हा चारांपैकी सुमारे तिघांचा आजार स्नायूच्या अलीकडेच असतो. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी नीट विचाराव्यात : आजार स्नायूत गेला आहे का, तपासलेल्या तुकड्यांत स्नायूचा भाग आला होता का, आणि पेशी मंद वाढीच्या आहेत की जोमाने वाढणाऱ्या. स्नायूचा भाग आलाच नसेल किंवा पेशी जोमाच्या असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालण्याचा सल्ला मिळू शकतो. “पहिल्यांदा नीट केले नाही वाटते” असा संशय मनात घेऊ नये. ही ठरलेली पद्धत आहे.

आजार अस्तरापुरता असेल आणि परत येण्याचा धोका जास्त असेल तर पुष्कळदा बीसीजीचे उपचार देतात. होय, तीच बीसीजी, जिचा व्रण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे! क्षयरोगाची ही लस १९२१ साली पॅरिसमध्ये एका बाळाला पहिल्यांदा देण्यात आली. पुढे १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून कॅन्सरवर तिचा उपयोग दाखवून दिला. आज या उपचारासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. दुर्बिणीची जखम भरल्यावर, म्हणजे साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे हे औषध बारीक नळीतून मूत्राशयात सोडतात. ते दोन तासांपर्यंत धरून ठेवायचे असते. औषध जिवंत जंतूंचे असल्याने नंतरचे सहा तास लघवी बसूनच करावी आणि संडासात पाणी ओतण्यापूर्वी ब्लीच घालून थोडा वेळ थांबावे. एक-दोन दिवस जळजळ, अंगदुखी, कणकण जाणवते. ताप १०१ च्या वर गेला किंवा उतरलाच नाही तर मात्र घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. त्यानंतरही ठरावीक अंतराने डोस आणि पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असा क्रम बहुतेकांना असतो. हा आजार परत येण्याचा स्वभाव असलेला आहे. “आता बरे वाटते” म्हणून तपासणी बुडवणे हीच सर्वांत महाग पडणारी काटकसर.

आजार स्नायूत गेलेला असेल तर मार्ग कठीण आहे, पण बंद नाही. प्रकृतीला झेपत असेल तर आधी केमो, मग मूत्राशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया. काही निवडक रुग्णांत मूत्राशय वाचवून केमो आणि शेक. मूत्राशय काढल्यावर आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात. बहुधा पोटावर एक छोटे तोंड ठेवून त्यावर पिशवी लावतात. काहींना आतड्याचेच नवे मूत्राशय बनवून देता येते. पिशवी हा शब्द ऐकूनच काहीजण म्हणतात, “त्यापेक्षा मेलेले बरे.” घाईने असे बोलू नये आणि ठरवू तर मुळीच नये. नीट बसवलेल्या पिशवीला वास येत नाही, ती कपड्याखाली दिसत नाही, आणि ती लावून माणूस शेतावर जातो, लोकलने प्रवास करतो, मिस्साला गुडघे टेकतो. पहिले काही आठवडे चुकतमाकत शिकावे लागते हे खरे. शस्त्रक्रियेपूर्वीच अशी पिशवी वापरणाऱ्या एखाद्या माणसाला भेटता आले तर निम्मी भीती जाते. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया अशांसाठीच आहे. पती-पत्नीच्या सहजीवनावरही या शस्त्रक्रियेचा परिणाम होऊ शकतो. हा प्रश्न दोघांनी मिळून, शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावा. त्यात अमंगल असे काही नाही.

आता आपल्या भागातल्या अडचणी. कर्जत-खोपोलीहून बहुतेकजण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा त्याच संस्थेच्या खारघरमधील ॲक्ट्रेक केंद्रात जातात. खालापूर, चौक या बाजूच्या लोकांना पनवेलमार्गे खारघर जवळ पडते. पण कुठे जायचे हे शेवटी डॉक्टर ठरवतील. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरातला हा नामवंत शल्यचिकित्सक याच रुग्णालयात कॅन्सरच्या रोग्यांसाठी झिजला. परळला पोहोचून गर्दीत बावरलेल्या आपल्या माणसाने त्या पाटीकडे एकदा पाहावे.

आधी दुसरीकडे दुर्बीण झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. तपासलेल्या तुकड्यांचे ब्लॉक आणि स्लाइड मागून न्यावेत, नाहीतर हेलपाटा पडतो. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, चालू औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत आणि न सांगता चालूही ठेवू नयेत.

प्रवासाचे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे. कर्जतहून दादरपर्यंत लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात आणि लोकलमध्ये शौचालय नाही. दर अर्ध्या तासाला लघवी लागणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. कर्जतला थांबणाऱ्या पुणे-मुंबई गाड्यांत ती सोय असते. वेळ जुळत असेल तर त्या पाहाव्यात. लोकलने जायचे तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला जाता येते, रुग्णालयाचे कार्ड जवळ ठेवावे. प्रौढांसाठीचे डायपर मेडिकलमध्ये मिळतात. ते वापरण्यात कमीपणा मानू नये. बीसीजीच्या दिवशी औषध बाहेर टाकून, थोडे पाणी पिऊन, पुन्हा एकदा लघवी झाल्यावरच स्टेशनकडे निघावे. आणि पावसाळ्यातली तारीख असेल तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करणे शहाणपणाचे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

खर्चासाठी शेती किंवा दागिने गहाण टाकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगडही होता. १ जुलै २०२४ पासून तिचा लाभ सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुला झाला आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत गेले. योजनेत असलेल्या रुग्णालयात “आरोग्यमित्र” बसतो. उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. सर्वच औषधे त्यात बसतात असेही नाही, तेही त्यालाच विचारावे. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर आजच दुरुस्तीला द्यावे. आपल्यात जॉनचा जॉन्सन आणि मेरीची मारिया पुष्कळ झालेली असते.

घरात एक प्रश्न हटकून निघतो : रुग्णाला सांगायचे का? “बाबांना कळू देऊ नका, ते खचतील,” असे मुले सांगतात आणि बाबांना सगळे कळलेले असते. मग ते एकटे, हे एकटे. मार्कच्या शुभवर्तमानातील ती रक्तस्रावी स्त्री आठवा. बारा वर्षे रक्त जात होते, पैसा संपला होता, आणि लाजेमुळे ती गर्दीत मागून आली व कोणाला न कळता प्रभूच्या वस्त्राला शिवली. ती बरी झाली तेव्हा गुपचूप निघून जाऊ शकली असती. पण प्रभू थांबला, त्याने विचारले, आणि भीत-थरथरत का होईना तिने सर्व सत्य सांगितले. मगच त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठवले. शरीर बरे झाले होते तरी तिचे ते लपणे संपायला हवे होते.

आपल्या मराठीतले ताजे उदाहरण दिग्दर्शक महेश मांजरेकर यांचे आहे. २०२१ मध्ये “अंतिम” या चित्रपटाचे काम चालू असतानाच त्यांना मूत्राशयाचा कॅन्सर असल्याचे कळले. केमो घेत त्यांनी काम चालू ठेवले, मग मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी सर्वांसमोर आजाराचे नाव घेऊन त्यांनी आपण त्यातून मुक्त झाल्याचे सांगितले. २०२४ मध्ये “जुनं फर्निचर” हा त्यांचा चित्रपट आला; त्यात मुख्य भूमिकाही त्यांचीच होती. प्रत्येकाचा आजार वेगळा, प्रत्येकाची ऐपत वेगळी, त्यामुळे “त्यांना जमले तर तुम्हाला का नाही” असे कोणाला ऐकवू नये. पण एका प्रसिद्ध माणसाने या अवयवाचे नाव चारचौघांत घेतले, यामुळे कितीतरी घरांत ते घेणे सोपे झाले असेल.

आता पुन्हा हिज्कीयाकडे वळू. प्रार्थना ऐकली गेली, पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. एवढे झाल्यावर औषधाची गरज काय, असे आपल्याला वाटेल. पण एकविसावे वचन पाहा. यशयाने अंजिरांचा लेप करून गळवावर बांधायला सांगितले. ज्या देवाने आयुष्य वाढवले त्यानेच लेपही लावायला लावला. बेन सिराच्या ग्रंथातही हाच क्रम आहे : आजारी पडलास तर प्रार्थना कर, मन शुद्ध कर, आणि मग वैद्याला जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच नेमले आहे व औषधेही त्यानेच जमिनीतून उगवली आहेत. म्हणून कोणी “नुसती प्रार्थना करा, दुर्बीण-केमो सोडा” असे सांगितले, मग तो कितीही भक्तिमान असो, त्याचे ऐकू नये. पंधरा दिवसांत गाठ विरघळवून देतो म्हणणाऱ्याचेही नको.

रुग्णाभ्यंग संस्काराविषयी आपल्यात जुनी भीती अजून आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपले, असे समजून घरचे शेवटपर्यंत बोलावतच नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा नवा विधी दिला. गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तिच्याआधी तो घेता येतो, आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजारी माणसाने स्वतः ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. म्हणजे ज्याला बोलता येते, विचार करता येतो अशा माणसासाठी ते लिहिले आहे. बेशुद्ध होईपर्यंत थांबण्यात काय अर्थ?

शेजाऱ्यांनी आणि लहान ख्रिस्ती समूहांनी भेटीला जाताना सफरचंदांची पिशवी नेण्याआधी विचारावे की परवा रुग्णालयात सोबत कोण जाणार आहे. रजा संपलेल्या मुलाऐवजी एक दिवस रांगेत उभे राहणे, शाळेतून नातवंडे आणणे, तिकिटाचे पैसे न बोलता हातात ठेवणे, हे जपमाळेइतकेच लागते. आणि भेट पंधरा मिनिटांची असावी. रुग्णाला उठून लघवीला जायचे असते आणि पाहुणे बसले म्हणून तो अवघडून बसून राहतो.

शस्त्रक्रियेची किंवा केमोची तारीख मिळालेल्यांनी मिस्सानंतर साक्रिस्तीत फादरांना भेटावे, किंवा घरच्या कोणाला तरी पाठवावे. आजार कोणता हे सर्वांसमोर सांगण्याची गरज नाही. तारीख आणि नाव पुरे. रुग्णाभ्यंग घरी हवा की मंदिरात, तेही तेव्हाच सांगावे. घरी हवा असल्यास टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी, आणि घरातल्या मुलांना बाहेर खेळायला न पाठवता आत बसवावे.